देशाच्या हवाई वाहतूक व्यवस्थापनाची वर्षभराची कामगिरी: कोणते आकडे बघायचे, कसे वाचायचे

दिशादर्शी (धागालेखक)

एखाद्या देशाच्या हवाई वाहतूक व्यवस्थापनाचा वार्षिक अहवाल आला की आधी चर्चा होते ती उड्डाणांच्या संख्येची. इतकी विमानं हाताळली, गेल्या वर्षीपेक्षा इतके टक्के वाढ. पण ही झाली मागणी. ती ठरते अर्थव्यवस्थेवर, पर्यटनावर आणि शेजारच्या हवाई क्षेत्रात काय चाललंय त्यावर. व्यवस्थेने तिला कसं तोंड दिलं ते त्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) ९८५४ क्रमांकाच्या दस्तऐवजात अपेक्षांची ११ क्षेत्रं आहेत. प्रत्यक्ष मूल्यमापनात त्यांतली चार वारंवार येतात: सुरक्षितता, पर्यावरण, क्षमता आणि खर्च. युरोपीय संघाची कामगिरी योजनाही याच चारांवर उभी आहे. तिचे कालखंड २०१२ ते २०१४, २०१५ ते २०१९, २०२० ते २०२४ आणि सध्याचा २०२५ ते २०२९. या धाग्यात उदाहरणं बरीचशी युरोपातली येतील, कारण तिथे व्याख्या आणि सूत्रं उघड आहेत आणि ती कुठेही लावून बघता येतात.

आकडे मागवण्याआधी हद्द पक्की करा. देशाची सीमा, उड्डाण माहिती क्षेत्राची (ज्या आकाशात विमानांना माहिती आणि सूचना द्यायची जबाबदारी देशाकडे असते त्याची) सीमा, शुल्क क्षेत्राची (जिथे एकच शुल्कदर लागतो त्याची) सीमा आणि सेवा देणाऱ्या संस्थेचं प्रत्यक्ष नियंत्रण या चार रेषा बऱ्याचदा जुळत नाहीत. बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि जर्मनीचा वायव्य भाग यांच्यावरचं वरचं आकाश मास्ट्रिख्टचं एकच केंद्र सांभाळतं. दक्षिण जर्मनीच्या काही भागाचं नियंत्रण स्विस संस्थेकडे आहे. अशा ठिकाणी विलंब एका हद्दीचा आणि खर्च दुसऱ्या हद्दीचा घेतला तर पुढची सगळी गणितं वाया जातात.

त्यानंतर वाहतुकीची फोड करा. फक्त उपकरण नियमांनी (नजरेवर नव्हे तर उपकरणांवर विसंबून) उडणारी उड्डाणं धरा. देशांतर्गत, येणारी, जाणारी आणि फक्त वरून जाणारी असे भाग पाडा आणि महिनावार मांडा. वरून जाणारी विमानं शुल्क देतात, पण विमानतळांवर ताण आणत नाहीत. हा वाटा बदलला की एकूण संख्या तीच राहूनही कामाचं स्वरूप पार बदलतं.

तुलनेला फक्त मागचं वर्ष घेऊ नका. मागचं वर्ष, २०१९ (कोविडच्या आधीचं शेवटचं वर्ष) आणि अहवालाच्या वर्षासाठी आधी केलेला अंदाज, असे तीन स्तंभ शेजारी ठेवा. अंदाज चुकला असेल तर क्षमता आणि खर्च दोन्हींचा अर्थ बदलतो.

सेक्टर_सात

क्षमतेचं मी लिहितो.

मुख्य मापक आहे प्रवाह व्यवस्थापनामुळे (पुढे गर्दी होऊ नये म्हणून विमानांना उशिराची वेळ देण्यामुळे) झालेला विलंब, दर उड्डाणामागे मिनिटांत. विमान कंपनीने शेवटच्या फ्लाइट प्लॅनमध्ये मागितलेली उड्डाण घेण्याची वेळ आणि प्रवाह व्यवस्थापनाने दिलेली वेळ यांतला हा फरक. विमान तेव्हा जमिनीवरच असतं. हवेत घिरट्या घालण्यात गेलेला वेळ यात येत नाही.

वार्षिक सरासरी किती फसवते ते एका काल्पनिक देशावर बघा. वर्षाला ६ लाख उड्डाणं, ३ लाख मिनिटं विलंब, म्हणजे उड्डाणामागे ०.५ मिनिट. युरोपीय संघाचं २०१५ ते २०१९ साठीचं मार्गावरच्या विलंबाचं उद्दिष्टही एवढंच होतं, तेव्हा आकडा ठीकच वाटेल. आता त्यातली अडीच लाख मिनिटं तीन उन्हाळी महिन्यांतल्या १ लाख ८० हजार उड्डाणांवर पडली असतील, तर त्या महिन्यांत सरासरी १.३९ मिनिट होते आणि उरलेल्या नऊ महिन्यांत ०.१२. म्हणजे हिवाळ्यात सेक्टर (नियंत्रकांना वाटून दिलेले आकाशाचे तुकडे) बहुधा गरजेपेक्षा जास्त उघडे आणि उन्हाळ्यात कमी. दुखणं पाळ्यांच्या आखणीत असू शकतं, एकूण माणसं कमी असण्यातच असेल असं नाही.

दुसरी फोड कारणांची. प्रत्येक नियमनाला (एखाद्या ठिकाणी ठराविक काळ विमानांच्या संख्येवर घातलेल्या मर्यादेला) कारण जोडलेलं असतं: नियंत्रण क्षमता, नियंत्रकांची कमतरता, हवामान, उपकरण बिघाड, लष्करी वापर, संप, विमानतळाची क्षमता वगैरे. इथे दोन सापळे आहेत. कारण नोंदवतं ते नियमन मागणारं केंद्रच. पाळीवर माणसं नाहीत म्हणून दोन सेक्टर एकत्र ठेवावे लागले, तरी ‘क्षमता’ असं नोंदवता येतं, कारण एकत्र केलेल्या सेक्टरची क्षमता खरोखरच ओलांडलेली असते. म्हणून विलंबाच्या तासांना त्या केंद्राने किती सेक्टर उघडले होते आणि योजनेत किती होते, ते ताडून बघा. उघडलेले कमी निघाले तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, प्रश्न मनुष्यबळाचा आहे.

दुसरा सापळा: एका उड्डाणावर तीन नियमनं लागली असली तरी सगळा विलंब सर्वांत जाचक नियमनाच्या खात्यात जातो. बाकी दोन ठिकाणची अडचण शून्य दिसते. शेजाऱ्याने पुढच्या वर्षी क्षमता वाढवली की तीच अडचण अचानक तुमच्या नावावर चढते. विलंबाच्या मिनिटांबरोबर नियमन लागलेले दिवस आणि नियमनात सापडलेली उड्डाणंही मोजली, तर हे आधीच कळतं.

मेघमाला

छान माहिती. एक शंका. सामान्य प्रवाशाला कळणारं माप वक्तशीरपणा. वेळापत्रकापासून १५ मिनिटांच्या आत किती विमानं सुटली नि पोचली. मग तेच का वापरत नाहीत?

सेक्टर_सात

वापरतात. इकाओच्या यादीत निघण्याचा वक्तशीरपणा पहिल्याच क्रमांकाचा मापक आहे. पण तो सगळ्या व्यवस्थेचा निकाल आहे. कंपनी, विमानतळ, जमिनीवरची सेवा, सुरक्षा तपासणी आणि हवाई नियंत्रण, सगळे त्यात मिसळलेले. शिवाय कंपन्या नेहमीचा उशीर गृहीत धरून वेळापत्रकच लांब करतात, त्यामुळे गर्दी वाढूनही आगमनाचा वक्तशीरपणा सुधारलेला दिसू शकतो.

वेगळं करायचं असेल तर विलंबाचे आयाटा (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) कोड घ्या. ८१ ते ८४ हे प्रवाह व्यवस्थापनाचे आणि ८९ निघण्याच्या विमानतळावरच्या निर्बंधांचा. ९३ म्हणजे विमान आधीच्या फेरीतून उशिरा आलं. या ९३ मध्ये सकाळच्या नियमनाची सावली असते, पण ती कोणाच्याच खात्यात जात नाही. म्हणून सकाळी पहिल्या फेरीला लावलेलं दहा मिनिटांचं नियमन संध्याकाळच्या दहा मिनिटांपेक्षा जास्त महाग पडतं. अहवालात विलंब तासवार मांडलेला नसेल तर तो मागून घ्यावा.

अमेरिकेशी तुलना करताना एक लक्षात ठेवा. तिथल्या अधिकृत मोजणीत १५ मिनिटं किंवा त्याहून जास्त विलंब झालेली उड्डाणंच नोंदली जातात, युरोपात प्रत्येक मिनिट धरलं जातं. दोन्हीकडे एकच उंबरठा लावल्याशिवाय आकडे शेजारी ठेवू नयेत.

पूर्ववारा

पर्यावरणाबद्दल. युरोपातला मुख्य मापक केईए, म्हणजे विमान प्रत्यक्षात जितकं अंतर उडालं ते आदर्श अंतरापेक्षा किती टक्के जास्त. २०१९ चं उद्दिष्ट २.६ टक्के होतं. फ्लाइट प्लॅनमधल्या मार्गासाठीचा जुळा मापक केईपी, त्याचं ४.१. दोन्ही विमानतळांभोवतीचं ४० सागरी मैलांचं वर्तुळ वगळून मोजतात. केईएच्या वार्षिक आकड्यातून सर्वांत वाईट १० आणि सर्वांत चांगले १० दिवसही काढून टाकतात, म्हणजे एखाद्या वादळाने किंवा संपाने वर्ष बिघडत नाही.

एका देशापुरतं हे कसं काढतात? देशातला सरळ तुकडा मोजून भागत नाही, कारण प्रवेशाचा बिंदूच आडवळणाला असू शकतो. म्हणून ‘साधलेलं अंतर’ काढतात: देश ओलांडताना विमान उगमापासून किती दूर गेलं आणि मुक्कामाच्या किती जवळ आलं, या दोहोंची सरासरी. समजा प्रवेशाला उगम ६०० किमी मागे होता, बाहेर पडताना १,०१०. मुक्काम प्रवेशाला १,५०० किमी पुढे होता, बाहेर पडताना १,०८५. पहिला फरक ४१०, दुसरा ४१५, साधलेलं अंतर ४१२.५ किमी. विमान देशात ४२५ किमी उडालं असेल तर जादा १२.५ किमी, म्हणजे ३.०३ टक्के.

आता हे ३ टक्के कुणाचे? प्रवेश आणि निर्गम बिंदूंमधलं सरळ अंतर ४२० असेल, तर ५ किमी देशाच्या आतल्या वळणाचे आणि ७.५ किमी बिंदू कुठे आहेत त्यामुळे आलेले. पहिला भाग नियंत्रण केंद्र थेट मार्ग देऊन कमी करू शकतं. दुसरा शेजाऱ्याशी करार करूनच कमी होतो. ही फोड न करता देशाला नापास करणं मला अन्यायाचं वाटतं.

याचं ठळक उदाहरण फेब्रुवारी २०२२ नंतरचं. रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि युक्रेनचं नागरी उड्डाणांना बंद झालं. फिनलंड आणि बाल्टिक देशांवरचे मार्ग वाकडे झाले, वरून जाणारी वाहतूक आटली. तिथल्या नियंत्रकांच्या कामात काही कमी नसताना आकडे बिघडले.

उलट दिशेचंही होतं. शेजारी देशाचा शुल्कदर कमी असेल तर कंपन्या मुद्दाम लांबचा स्वस्त मार्ग दाखल करतात. मुक्त मार्ग (ठरलेल्या वाटांऐवजी कंपनीने स्वतः आखलेला) उपलब्ध करून दिला तरी केईपी हलत नाही, कारण मार्ग निवडला आहे पैशांनी. केईपी आणि केईए यांच्यात मोठी दरी राहिली तर एक अर्थ असा की प्रत्यक्ष उडताना थेट मार्ग मिळतात, पण आखणीच्या वेळी ते गृहीत धरता येत नाहीत. मग विमान जादा इंधन उचलून नेतं आणि ते नेण्यातच थोडं जाळतं.

आकडेमोड

पूर्ववारा, यात उभ्या दिशेचं जोडायला हवं. केईए फक्त आडवं अंतर बघतो. विमान सरळ रेषेत पण ६,००० फूट खाली उडवलं तर केईए सुंदर येतो आणि इंधन मात्र जास्त जातं. एखाद्या देशाचा विलंब एकदम घटला की मी आधी हेच तपासतो: गर्दीच्या वरच्या सेक्टरमधून उड्डाणं खालच्या उंचीवर ढकलली का? विलंब शून्य, क्षमता चकचकीत, आणि किंमत इंधनात. हा वर्षाच्या अहवालातला सर्वांत जास्त दुर्लक्षित व्यवहार आहे.

चढउतारासाठी युरोकंट्रोलची (युरोपातल्या हवाई वाहतुकीचा समन्वय करणाऱ्या संस्थेची) पद्धत सोपी आहे. विमानतळापासून २०० सागरी मैलांच्या आत, ज्या तुकड्यात चढण्याचा किंवा उतरण्याचा वेग मिनिटाला ३०० फूट किंवा त्याहून कमी आणि तो निदान २० सेकंद टिकला, तो सपाट तुकडा. दर उड्डाणामागे असे किती सेकंद ते मोजायचं. उतरतानाचे सपाट तुकडे चढतानाच्या कितीतरी पट असतात. त्यांचीही उंची बघा: ३,००० फुटांवरचं सपाट उड्डाण फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) आणि चाकं बाहेर पडण्याच्या बेतात असताना बरंच महाग, ३०,००० फुटांवरचं त्या मानाने स्वस्त. इंधनावरून कर्बवायू काढायचा तर किलोमागे ३.१६ किलो.

विमानतळाजवळचे दोन मापक: टॅक्सीत (स्टँड ते धावपट्टी जमिनीवर चालण्यात) गेलेला जादा वेळ, आणि शेवटच्या ४० सागरी मैलांत गेलेला जादा वेळ. ‘जादा’ ठरवायला विनाअडथळा वेळ लागतो. इकाओच्या पद्धतीत तो २० व्या शतमानावरून (सर्वांत झटपट २० टक्के उड्डाणं जितक्या वेळात होतात त्यावरून) येतो, टॅक्सीसाठी स्टँड आणि धावपट्टीच्या जोडीनुसार, आगमनासाठी प्रवेशाची दिशा, धावपट्टी आणि विमानाचा प्रकार यांनुसार गट पाडून. इथे सर्रास होणारी गोष्ट म्हणजे संदर्भ दरवर्षी नव्याने काढला जातो. गर्दी सगळ्या दिवसभर पसरली की २० वं शतमानही वर सरकतं आणि जादा वेळ कमी झाल्याचा भास होतो. संदर्भ वर्ष गोठवा, आणि नवी टॅक्सीवे किंवा धावपट्टी आली तरच बदला. ज्या गटात वर्षभरात मोजकीच उड्डाणं आहेत तो गट वगळा, त्याचं शतमान अर्थहीन असतं.

क्षितिजरेषा

खर्चाचं गणित थोडं किचकट आहे म्हणून पायरीपायरीने.

एकक आहे सेवा एकक. मार्गासाठी: अंतर भागिले १०० किमी, गुणिले कमाल उड्डाण वजन भागिले ५० टन याचं वर्गमूळ. ७२ टनांचं विमान १,००० किमी गेलं तर १० गुणिले १.२, म्हणजे १२ सेवा एककं. त्या शुल्क क्षेत्रात उड्डाण किंवा उतरणं झालं असेल तर प्रत्येकी २० किमी वजा होतात. विमानतळाजवळच्या सेवेला अंतर नाही, फक्त वजन भागिले ५०, घात ०.७. युरोपात १ जानेवारी २०२० पासून दाखल केलेल्या मार्गाऐवजी प्रत्यक्ष मार्ग धरतात. २०१९ आणि २०२० नंतरची सेवा एककं जोडताना ही तुटलेली कडी लक्षात घ्या.

एकूण खर्च भागिले सेवा एककं म्हणजे एकक खर्च. तो महागाई काढून, एका वर्षाच्या किमतीत मांडायचा. २०२० ते २०२४ साठी युरोपात २०१७ च्या किमती, पुढच्या कालखंडाला २०२२ च्या. शेरा मारण्याआधी अंश आणि छेद वेगळे बघा. वाहतूक १० टक्के वाढली आणि खर्च तेवढाच राहिला तर एकक खर्च आपोआप ९ टक्के घटतो, त्यात काटकसर काहीच नाही.

वाहतूक अंदाजापेक्षा कमी आली तर फटका कुणाला? युरोपीय नियमात पहिल्या २ टक्क्यांचा सगळा संस्थेला. २ ते १० टक्क्यांमधल्या भागाचा ३० टक्के संस्थेला, ७० टक्के कंपन्यांना. त्यापुढचा सगळा कंपन्यांना. वाहतूक ८ टक्क्यांनी कमी आली तर संस्थेचा तोटा २ अधिक १.८, एकूण ३.८ टक्के. उरलेले ४.२ पुढच्या वर्षांच्या दरात चढतात. म्हणून एखाद्या वर्षी कंपन्यांना लागलेला दर आणि त्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दर वाढला म्हणून ‘या वर्षी उधळपट्टी झाली’ असं लिहिणं साफ चूक.

नियंत्रकांची उत्पादकता म्हणजे नियंत्रित उड्डाणतास भागिले कामावरचे नियंत्रक-तास. इथे गुंतागुंतीचा विचार हवाच. वरून सरळ जाणारी वाहतूक आणि चढणाऱ्या-उतरणाऱ्या विमानांची गुंतलेली वाहतूक यांना एकच उत्पादकता अपेक्षित धरता येत नाही. युरोकंट्रोल त्यासाठी आकाशाचे २० बाय २० सागरी मैलांचे, ३,००० फूट उंचीचे घन करून त्यांतल्या विमानांच्या परस्परसंबंधांवरून गुण काढतं. ज्यांचे गुण जवळपास, त्यांचीच तुलना.

सेक्टर_सात

क्षितिजरेषा यांच्या मुद्द्याला जोडून. खर्च आणि क्षमता यांच्यात काही वर्षांचं अंतर असतं. नवा नियंत्रक निवडीपासून स्वतंत्रपणे सेक्टर सांभाळेपर्यंत सहज दोन-तीन वर्षं जातात. या वर्षी भरती थांबवली तर या वर्षीचा एकक खर्च छान दिसतो, आणि विलंब नंतर उगवतो. म्हणून वार्षिक अहवालात प्रशिक्षणात किती जण आहेत, किती पात्र होतील आणि किती निवृत्त होतील, हे तीन आकडे नसतील तर खर्चातल्या बचतीचं कौतुक करू नये. नवी प्रणाली बसवतानाही तसंच. बदलाच्या काळात सेक्टरची क्षमता मुद्दाम कमी ठेवतात, ते बरोबरच आहे. तो विलंब वेगळ्या ओळीत दाखवावा.

मेघमाला

सुरक्षिततेचं अजून कुणी लिहिलं नाही. घटना कमी झाल्या म्हणजे सुरक्षितता सुधारली, इतकं सरळ नसणार ना?

दिशादर्शी

नाही, आणि सर्वांत जास्त काळजी इथेच घ्यावी लागते.

मोजायच्या मुख्य घटना दोन: दोन विमानांमधल्या किमान अंतराचा भंग, आणि धावपट्टीवर अनधिकृत प्रवेश. रडार असलेल्या मार्गावर नेहमीचं किमान अंतर ५ सागरी मैल किंवा उभं १,००० फूट, विमानतळाजवळ सहसा ३ मैल. नुसती संख्या नको. मार्गावरच्या घटना उड्डाणतासांमागे, धावपट्टीच्या घटना उड्डाण-उतरण्यांमागे.

नोंदी दोन वाटांनी येतात: माणसांनी दिलेल्या आणि रडारच्या नोंदीतून यंत्राने आपोआप शोधलेल्या. ज्या वर्षी यंत्र बसतं त्या वर्षी संख्या उडी मारते. ती उडी धोका वाढल्याची खूण नाही. म्हणून दोन्ही वाटांचे आकडे वेगळे ठेवा. किरकोळ घटनांच्या ऐच्छिक नोंदी वाढणं मी चांगलं धरतो. किरकोळ नोंदी घटल्या आणि गंभीर तेवढ्याच राहिल्या, तर लोक बोलायचे थांबलेत का ते शोधावं.

गंभीर घटनांची संख्या लहान असते. ३ वरून ६ झाल्या तर ‘दुप्पट’ अशी बातमी होते, पण एवढ्या छोट्या संख्यांत असा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. पाच वर्षांची सरकती बेरीज घ्या, आणि प्रत्येक गंभीर घटनेचं कारण स्वतंत्र वाचा. तीव्रता ठरवताना जमिनीवरच्या व्यवस्थेचा वाटा किती आणि एकूण धोका किती, हे युरोपातल्या जोखीम विश्लेषणात वेगळं काढतात. वैमानिकाने चुकीची उंची धरली आणि नियंत्रकाने वेळेत पकडलं, तर एकूण धोका होता, पण व्यवस्थेने काम चोख केलं.

म्हणूनच उद्दिष्ट घटनांवर न ठेवता सुरक्षा व्यवस्थापनाच्या परिपक्वतेवर ठेवतात. २०२० ते २०२४ साठी युरोपात जोखीम व्यवस्थापनात ‘ड’ पातळी आणि संस्कृती, धोरण, खात्री व प्रसार या बाकी चारांत किमान ‘क’ अपेक्षित होती. तिथे ‘ड’ ही ‘क’ च्या वरची आहे. पातळी सेवा देणारी संस्था स्वतः भरते आणि नियामक तपासतो. तपासणीनंतर किती उत्तरं बदलली ते विचारा. एकही बदललं नसेल तर तपासणी नीट झाली का, अशी शंका घेणं रास्त आहे.

पूर्ववारा

विदा साफ करताना नेहमी अडणाऱ्या गोष्टी, कुणी स्वतः गणित करणार असेल तर:

सगळ्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत आणा. स्थानिक वेळ मिसळली की घड्याळ बदलण्याच्या दिवशी एक तास हरवतो किंवा दोनदा येतो. मध्यरात्र ओलांडणारं उड्डाण एकाच दिवसात धरा, आणि नियम आधी लिहून ठेवा. जिथून सुटलं तिथेच उतरलेली उड्डाणं मार्गाच्या गणितातून काढा, आदर्श अंतर शून्य येतं. रडारच्या नोंदीत खंड असेल तर बिंदू सरळ जोडले जातात आणि केईए खोटा सुधारतो, म्हणून किती टक्के उड्डाणांत खंड आहे ते आकड्याशेजारी छापा. २०२४ ला ३६६ दिवस होते, तेव्हा २०२३ किंवा २०२५ शी तुलना रोजच्या सरासरीवर करा.

आकडेमोड

आणखी एक. स्लॉट (प्रवाह व्यवस्थापनाने दिलेली उड्डाण घेण्याची वेळ) पाळण्याचं प्रमाण विसरू नका. दिलेल्या वेळेच्या ५ मिनिटं आधीपासून १० मिनिटं नंतरपर्यंत सुटलं तर पाळलं. निघण्याच्या विमानतळांनी हे पाळलं नाही तर सेक्टरमध्ये ठरल्यापेक्षा जास्त विमानं एकदम येतात, केंद्र पुढच्या वेळी जाहीर क्षमता दोन-तीन विमानांनी कमी ठेवतं, आणि विलंब केंद्राच्या नावावर लागतो. विमानतळवार तक्ता काढला की कुठे बोलायचं ते लगेच कळतं.